नेम आणि निवेदन : शिकारकथनातील बंदुकीचा विचार

शिकारकथा या प्रकाराकडे मराठी समीक्षेने फारशा गांभीर्याने पाहिलेले नाही. साहसकथा, प्रवासवर्णन आणि निसर्गलेखन यांच्या सीमेवर कोठेतरी तिची नोंद करावयाची, तिची रंजकता मान्य करावयाची आणि पुढे जावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. त्यातही या कथनांत बंदुकीविषयी जो बारीक तपशील येतो, नळीचा व्यास, काडतुसांची संख्या, सावजाचे अंतर, गोळी कोठे लागली याची नोंद, तो तर हौशी माणसाचा छंद म्हणून वाचक ओलांडून जातो. प्रस्तुत लेखात या ओलांडल्या जाणाऱ्या भागाचाच विचार केला आहे. शिकारकथनाचा निवेदक विश्वासार्ह आहे की नाही, त्याची नैतिक जबाबदारी तो कोठे स्वीकारतो आणि कोठे टाळतो, हे ठरविण्याची जागा प्रामुख्याने हा तपशीलच असतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

या विचाराला मराठीतील एक शब्द फार उपयोगी पडतो. 'नेम' हा शब्द 'नियम' या शब्दातून आला. नेम धरला जातो तो लक्ष्यावर. नेम पाळला जातो तो व्रताचा. आणि ज्याची खात्री देता येत नाही त्याचा 'काही नेम नसतो'. अचूकता, स्वतःवर घालून घेतलेले बंधन आणि निश्चिती हे तीन अर्थ एका शब्दात नांदतात. इंग्रजीत या तिन्हींसाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि कदाचित म्हणूनच इंग्रजी शिकारवाङ्मयाच्या चर्चेत नेमबाजीचे कौशल्य आणि शिकाऱ्याचा धर्म यांचा विचार दोन निराळ्या प्रकरणांत होतो. ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे जिम कॉर्बेट यांच्या लेखनावरून सर्वांत स्पष्टपणे दिसते.

१

जिम कॉर्बेट (१८७५-१९५५) यांचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' हे पुस्तक १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चंपावतच्या वाघिणीची कथा १९०७ मधील आहे. म्हणजे प्रसंग आणि लेखन यांत जवळपास सदतीस वर्षांचे अंतर आहे. इतक्या अंतरावरून सांगितलेल्या कथेत निवेदकाने स्वतःला अधिक कुशल करून घेणे अगदी स्वाभाविक ठरले असते. प्रत्यक्षात कथेचा अखेरचा भाग म्हणजे चुकांचा आणि उणिवांचा एक हिशेब आहे.

चारशे छत्तीस माणसांचा बळी घेतल्याची नोंद असलेल्या या वाघिणीच्या मागावर निघताना कॉर्बेट बरोबर तीनच काडतुसे घेतात. दोनांहून अधिक बार काढण्याची संधी मिळणार नाही, तिसरे अडीअडचणीसाठी, असा त्यामागचा अंदाज. हाक्यासाठी २९८ माणसे डोंगराच्या धारेवर उभी आहेत. वाघीण बाहेर येते, तहसीलदार आपल्या बंदुकीचे दोन्ही बार काढतात, वाघीण मागे वळते आणि कॉर्बेट तिच्यामागे एक गोळी सोडतात. ही गोळी निराशेपोटी सोडलेली होती, हे ते लपवीत नाहीत. ती वाया जाते. पुढच्या दोन गोळ्या लागतात, वाघीण जखमी होते. पण रायफल आता रिकामी आहे. तेव्हा कॉर्बेट तहसीलदारांना बंदूक घेऊन खाली येण्यास ओरडून सांगतात, तिकडून येणाऱ्या लांबलचक उत्तराचा अर्थ लागत नाही, आणि शेवटी रायफल टाकून देऊन ते स्वतःच चढ चढून जातात व तहसीलदारांच्या हातातून बंदूक ओढून घेतात. वाघीण वीस फुटांच्या आत आहे. बंदूक उचलताना त्यांच्या ध्यानात येते की नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये इंचाच्या तीन-अष्टमांश इतकी फट आहे. बार काढताना मागे उसळणाऱ्या झोताने डोळे जाण्याचीही भीती आहे. ते वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरतात आणि गोळी लागते ती तिच्या उजव्या पंजाला. वाघीण कोसळते, पण ती आधीच्या दोन जखमांनी. पंजातली ती गोळी पुढे त्यांनी नखांनी उकरून काढली, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे.

या ठिकाणी अनुवादाचा एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो केवळ तांत्रिक नाही. इंग्रज शिकाऱ्याच्या बोलीत रायफल आणि बंदूक ही दोन वेगळी हत्यारे आहेत. रायफलीच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत, सरळ आणि लांबवर जाते. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. ती मुख्यतः छर्ऱ्यांसाठी, पाखरांसाठी. तिच्यातून गोळी सोडली तर जवळच्या अंतरापलीकडे तिचा भरवसा धरता येत नाही. सामान्य मराठी व्यवहारात मात्र दोन्हींना बंदूकच म्हटले जाते. अनुवादकाने या दोन्हींसाठी 'बंदूक' हा एकच शब्द योजला, तर चंपावतच्या कथेचा शेवट केवळ 'एक बंदूक रिकामी झाली म्हणून दुसरी घेतली' इतकाच उरतो. मूळ कथेत तेथे एक पायरी खाली उतरणे आहे. साहेबाच्या हातातील आधुनिक, शक्तिमान रायफलीकडून एका देशी अधिकाऱ्याच्या खिळखिळ्या, परवान्याच्या बंदुकीकडे येणे आहे, आणि त्या उतरण्यात नेम चुकणे हे जवळजवळ ठरूनच गेले आहे. 'रायफल' हा शब्द मराठीत रुळलेला असताना केवळ शुद्धीच्या आग्रहाने तो टाळणे म्हणजे कथेचा सांधा मोडणे होय.

तहसीलदारांच्या या बंदुकीमागे आणखी एक तपशील उभा आहे. हाक्याला माणसे गोळा व्हावीत म्हणून, त्या दिवसापुरता बिनपरवाना हत्यारांकडे कानाडोळा केला जाईल आणि हवा असल्यास दारूगोळाही पुरविला जाईल, असे तहसीलदारांनी गावोगाव कळविले होते. परिणामी जी हत्यारे बाहेर आली त्यांनी एखादे संग्रहालय भरून गेले असते, अशा आशयाची मिस्किल नोंद कॉर्बेट करतात आणि पुढे जातात. वाचकाने मात्र येथे थांबले पाहिजे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला हत्यार बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा केला होता आणि युरोपीयांना त्यातून सूट दिली होती. या भेदाविरुद्ध काँग्रेसच्या आरंभीच्या अधिवेशनांतून ठरावही झाले. कुमाऊंच्या डोंगरात वर्षानुवर्षे माणसे वाघिणीच्या तोंडी जात होती तेव्हा गावकऱ्यांच्या घरांत बंदुका नव्हत्या असे नाही. त्या होत्या, पण गवताच्या गंजीत किंवा आढ्याला लपविलेल्या असाव्यात, हे उघड आहे. एका दिवसाच्या कानाडोळ्याने त्या उजेडात आल्या, गोंगाट करण्यासाठी हवेत उडविल्या गेल्या आणि पुन्हा अंधारात गेल्या. कॉर्बेट यांच्या कथनातील त्राता आणि त्रस्त हे नाते व्यक्तिगत करुणेवर उभे आहे, यात शंका नाही. पण त्याखाली कायद्याचा एक पाया आहे, आणि तो या एका विनोदी वाक्यापुरताच वर डोकावतो.

कॉर्बेट यांच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. चंपावतच्या कामगिरीवर जाण्यापूर्वी त्यांनी सरकारला दोन अटी घातल्या होत्या : वाघिणीवर लावलेले बक्षीस रद्द व्हावे आणि नेमलेले खास शिकारी व अल्मोड्याचे शिपाई मागे घ्यावेत. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणून आपली गणना व्हावी हे त्यांना मान्य नव्हते, आणि दुसऱ्याच्या गोळीला चुकून बळी पडण्याचीही इच्छा नव्हती. कामगिरी फत्ते झाल्यावर मात्र संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी त्यांना .२७५ ची रिग्बी रायफल भेट दिली, आणि ती त्यांनी जन्मभर अभिमानाने वापरली. पैशाचे बक्षीस नाकारणारा माणूस रायफलीची भेट स्वीकारतो, यात त्यांच्या पिढीला कोठलीच विसंगती जाणवली नाही. रोख रकमेने शिकारी भाडोत्री ठरतो आणि चांदीची पाटी जडविलेल्या रायफलीने तो सन्मान्य ठरतो. त्या समाजातील बंदूक-संस्कृतीचे सार या एका व्यवहारात सापडते.

तथापि कॉर्बेट यांचे खरे मोठेपण या सन्मानात नाही. ते त्यांनी वाघिणीच्या तोंडात पाहिले तेथे आहे. मेलेल्या वाघिणीचे उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. ही कोणाच्या तरी जुन्या गोळीची जखम होती. तिच्यामुळे वाघिणीला नैसर्गिक भक्ष्य मारता येईना आणि ती माणसाकडे वळली. म्हणजे कथेचा आरंभच एका चुकलेल्या नेमात आहे. कोणा अनामिक बंदूकवाल्याने बार काढला, जखमी जनावराचा माग घेण्याची तसदी घेतली नाही, आणि त्याची किंमत दोन देशांतील चारशेहून अधिक माणसांनी मोजली. पुस्तकाच्या प्रास्ताविकातही नरभक्षक होण्याच्या कारणांत निष्काळजीपणे झाडलेली आणि पाठपुरावा न केलेली गोळी त्यांनी अग्रक्रमाने नोंदली आहे. साळिंदराचे काटे हे त्यांनी दिलेले दुसरे प्रमुख कारण निसर्गातील आहे. पहिले मात्र निखळ मानवी आहे. येथे नेमबाजी हे कौशल्य न राहता सामाजिक दायित्व बनते, आणि कॉर्बेट यांनी काडतुसागणिक दिलेला हिशेब आत्मप्रौढी वाटत नाही याचे कारणही येथेच आहे. ज्या लेखकाला चुकलेल्या गोळीचा इतिहास ठाऊक आहे त्याला स्वतःची प्रत्येक गोळी नोंदवावीच लागते.

चौगढच्या वाघिणींच्या कथेत हा हिशेब अधिक कठोर होतो. दोन वाघिणी दिसतात, एक म्हातारी नरभक्षक आणि दुसरी तिची जवळजवळ पूर्ण वाढलेली लेक. कॉर्बेट म्हातारी समजून नेम धरतात आणि मरते ती लेक. ही चूक त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केली आहे, आणि त्यापुढील वर्षभरात जी माणसे गेली त्यांचा संबंधही तिच्याशी जोडला आहे. तीच म्हातारी वाघीण १९३० च्या एप्रिलमध्ये एका अरुंद घळीत अगदी समोर येते, तेव्हा कॉर्बेट यांच्या डाव्या हातात पाखराची अंडी आहेत. एका हाताने रायफल अगदी सावकाश फिरवीत त्यांनी काढलेला तो बार जगभरच्या शिकारवाङ्मयात गाजला. सामान्य वाचक तेवढाच बार लक्षात ठेवतो. पण आधीच्या चुकीच्या बारावाचून हा दुसरा बार केवळ चमत्कार ठरला असता. दोन्ही एकाच कथेत ठेवणे हा निवेदकाचा निर्णय आहे.

बालपणीच्या आठवणींच्या 'जंगल लोअर' (१९५३) या पुस्तकात या सवयीचे मूळ सापडते. लहानग्या जिमला मिळालेली पहिली बंदूक ठासणीची, दुनळी. पण तिची उजवी नळी फुटलेली आणि एकूण डोलारा पितळी तारेने आवळलेला. दारू आणि छर्रे जपून वापरावे लागत. ज्याची दुनळी मुळात एकनळीच आहे, तो मुलगा बार वाया घालविण्याची चैन करू शकत नाही. चंपावतच्या तहसीलदारांची फटीची बंदूक आणि ही तारेने बांधलेली बंदूक यांच्यातील साम्याकडे कॉर्बेट यांनी स्वतः लक्ष वेधलेले नाही. परंतु दोन्ही एकत्र वाचल्या असता त्यांच्या लेखनातील हत्यारांचा एक वेगळाच क्रम दिसू लागतो. मोडकी हत्यारे आरंभी आणि अडचणीत येतात, सरकारी भेटीची रायफल या दोन टोकांच्या मध्ये.

हे सर्व मान्य करूनही कॉर्बेट यांना वनसंरक्षणाचे संत ठरविणारे वाचन स्वीकारता येत नाही. याच पुस्तकात पवळगढच्या 'बॅचलर' वाघाची कथा आहे. तो नरभक्षक नव्हता. तो मोठा होता, देखणा होता, आणि शिकाऱ्यांमध्ये प्रसिद्ध होता. १९३० मध्ये त्याला मारण्याचे तेवढेच कारण होते. कथेच्या अखेरीस त्याची लांबी मोजली जाते. येथेही गोळ्यांचा हिशेब चोख आहे, जखमी वाघाचा माग जबाबदारीने घेतला आहे. पण पहिली गोळी का झाडली या प्रश्नाचा हिशेब नाही. त्याच ग्रंथाच्या शेवटच्या 'जस्ट टायगर्स' या प्रकरणात वाघाचे छायाचित्र मिळविण्यातील आनंद कातड्याच्या विजयचिन्हाहून कितीतरी मोठा असल्याचे ते सांगतात. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी १९२७ मध्येच कॅमेऱ्याचा हा मार्ग आपल्या पुस्तकातून दाखविला होता. कॉर्बेट या मार्गावर आले, परंतु उशिरा आणि मागची पावले न पुसता. ती पावले पुस्तकात तशीच राहिली, हा त्यांच्या प्रामाणिकपणाचाच भाग मानावा लागेल.

२

कॉर्बेट यांच्या उदाहरणावरून अचूक नेम म्हणजेच नैतिक नेम, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. तो चुकीचा ठरेल. आफ्रिकेतील शिकारवाङ्मयात रायफलीच्या व्यासावरून एक जुना वाद आहे. एका बाजूला वॉल्टर बेल. याने एक हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांपैकी बहुसंख्य .२७५ सारख्या लहान व्यासाच्या रायफलीने. हत्तीच्या कवटीचा छेद घेऊन मेंदू नेमका कोठे असतो याचा त्याने अभ्यास केला होता. गोळी योग्य जागी गेली तर तिचा आकार गौण ठरतो, हे त्याचे मत. दुसऱ्या बाजूला जॉन टेलर. 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' या १९४८ च्या ग्रंथात त्याने गोळीचे वजन, वेग आणि व्यास यांवरून तिच्या धक्क्याचे गणित मांडले आणि धोकादायक जनावरांपुढे जड रायफलीचा पुरस्कार केला. मेंदूला गोळी चुकली तरी जनावर क्षणभर सुन्न झाले पाहिजे, अशी त्यामागची भूमिका.

या वादात टेलरची बाजू अधिक मानवी आहे, असे म्हणावे लागते; कारण ती माणसाच्या चुकीला जागा देते. बेलचे मत बेलसारख्या हातांपुरते खरे. आणि त्या हातांनी जे केले तो हस्तिदंताचा व्यापार होता. प्रत्येक हत्ती एका गोळीत, फारशा वेदनेवाचून मेला असेल, असे मानले तरी हजाराचा आकडा शिल्लकच राहतो. पहिल्या अर्थाने नेम अचूक. दुसऱ्या अर्थाने, म्हणजे स्वतःवरील बंधन या अर्थाने, तो नाहीच.

३

हत्ती आणि रायफल यांविषयी याहून अगदी वेगळ्या जागेवरून लिहिलेला एक निबंध १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. जॉर्ज ऑर्वेल यांचा 'शूटिंग ॲन एलिफंट'. योगायोग असा की अर्नेस्ट हेमिंग्वे यांची 'द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोंबर' ही कथाही त्याच वर्षाची. दोन्हींत नेम चुकतो आणि दोन्हींत जनावर यातनांत मरते. पण चुकण्याचा अर्थ अगदी निराळा आहे.

ऑर्वेल यांचा निवेदक मोलमीन येथील पोलीस अधिकारी आहे. माजलेला हत्ती बाजारात धुडगूस घालतो, एका हमालाला चिरडतो. अधिकाऱ्याजवळ असलेली .४४ ची जुनी विंचेस्टर हत्तीपुढे निरुपयोगी म्हणून तो दुसरी, हत्तीची रायफल मागवून घेतो. ती हातात येताच दोन हजारांहून अधिक माणसे त्याच्या मागे चालू लागतात. हत्ती तोवर शांत झालेला असतो आणि त्याला मारण्याची गरज संपलेली असते. परंतु हातात रायफल आहे आणि पाठीशी गर्दी आहे. आता मागे वळणे म्हणजे हसे होणे. तो रस्त्यावर आडवा पडून बार काढतो. हत्तीच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कल्पिलेल्या रेषेवर नेम धरावयास हवा होता हे त्याला ठाऊक नसते. मेंदू पुढे असेल असे समजून तो कानाच्या पुढे नेम धरतो. तीन गोळ्यांनी हत्ती खाली येतो, मरत नाही. उरलेल्या दोन गोळ्या, मग लहान रायफलीच्या गोळ्यांमागून गोळ्या, आणि तरीही नाही. निवेदक निघून जातो. हत्तीला मरावयास अर्धा तास लागल्याचे त्याला नंतर कळते.

बेलने कवटीच्या छेदातून मिळविलेले ज्ञान आणि या अधिकाऱ्याचे अज्ञान यांची तुलना उद्बोधक आहे. साम्राज्याच्या वतीने हत्यार धारण करणाऱ्या माणसाला ते कोठे रोखावे हेसुद्धा ठाऊक नाही. निबंधाच्या आरंभीच एक लहान वाक्य येते : गावातील ब्रह्मी लोकांजवळ हत्यारे नव्हती आणि म्हणून ते हत्तीपुढे असहाय होते. ब्रह्मदेश त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता. कॉर्बेट यांच्या कथेत जे विनोदाच्या आडून आले तेच येथे सरळ विधान म्हणून येते, आणि संपूर्ण निबंध त्यातून उलगडतो. गर्दीने मागणी केली ती तिच्याकडून काढून घेतलेल्या शक्तीच्या प्रदर्शनाची. रायफल ज्याच्या हाती तोच तिचा बंदी झाला. हमाल मेल्यामुळे आपण कायद्याच्या दृष्टीने निर्दोष ठरलो याचा निवेदकाला नंतर आनंद झाला, ही अखेरची कबुली कॉर्बेट यांच्या हिशेबापेक्षा अधिक निर्दय आहे. कॉर्बेट प्रत्येक गोळी कोठे गेली ते सांगतात. ऑर्वेल पहिली गोळी का झाडली ते सांगतात. पवळगढच्या कथेत नेमकी हीच जागा रिकामी होती.

हेमिंग्वे यांच्या कथेत तिघांच्या हाती तीन रायफली आहेत. मॅकोंबरची स्प्रिंगफील्ड, व्यावसायिक शिकारी विल्सनची अवाढव्य .५०५ गिब्ज आणि मॅकोंबरच्या पत्नीजवळची हलकी मॅनलिकर. या तिघांच्या स्वभावाचे वर्णन त्यांच्या हत्यारांतून अर्धे झालेलेच असते. सिंहाच्या शिकारीपूर्वी मॅकोंबर अंतर किती असेल, गोळी कोठे मारावी, असे प्रश्न विचारीत राहतो आणि विल्सन थोडक्यात उत्तरे देतो. येथपर्यंत ही बोलणी कोणत्याही शिकारकथेतील वाटतात. सिंह पोटात जखमी होतो, गवतात शिरतो. त्याला तसेच सोडून द्यावे असे मॅकोंबरला वाटते आणि विल्सन हादरतो. जखमी जनावर सोडावयाचे नाही, कारण त्याला यातना होतात आणि दुसरे कोणी त्याच्या वाटेत येऊ शकते. चंपावतच्या वाघिणीचे तुटलेले सुळे ज्या वाचकाच्या ध्यानात आहेत त्याला या नियमाचे वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

याच प्रसंगात हेमिंग्वे एक विलक्षण गोष्ट करतात. निवेदन काही काळ सिंहाच्या जाणिवेत शिरते, आणि त्याच्या कुशीत घुसलेली गोळी २२० ग्रेन वजनाची होती हे त्याच वाक्यात सांगितले जाते. सिंहाला ग्रेन कळत नाहीत. शस्त्रसूचीतील आकडा आणि पोटातील जळजळ ही शेजारी शेजारी ठेवल्यामुळे तंत्राचा तपशील स्वतःच वेदनेचे परिमाण बनतो. शिकारकथनातील आकडेवारी रुक्ष असते असे म्हणणाऱ्यांनी हे एक वाक्य अवश्य तपासावे.

कथेच्या अखेरीस चालून येणाऱ्या रेड्यावर मॅकोंबरची पत्नी मोटारीतून बार काढते आणि गोळी नवऱ्याच्या कवटीत शिरते. निवेदक म्हणतो ती रेड्यावर झाडली होती. विल्सनचे बोलणे वेगळे सूचित करते. समीक्षकांत यावर पुष्कळ वाद झाले आहेत. जखमेची जागा इंचात दिलेली आहे, रायफलीची जात दिलेली आहे, अंतर अजमावता येते. सर्व हिशेब चोख असूनही नेमका नेम कशावर होता हे सांगता येत नाही. 'काही नेम नाही' हा मराठी वाक्प्रचार या शेवटाला जितका चपखल बसतो तितके कोणतेही भाष्य बसत नाही. मात्र हेमिंग्वे यांच्या जगात बंदुकीचा परवाना, तिची किंमत, तिच्यामागचा कायदा यांपैकी काहीच नाही. बंदूकवाहक म्हणून राबणारी आफ्रिकी माणसे कथेत वावरतात, त्यांना बोलावयास फारसे मिळत नाही. पौरुषाची परीक्षा घेण्यात गुंतलेल्या या कथेची ही मर्यादा ऑर्वेल यांच्या शेजारी ठेवल्यावर अधिकच जाणवते.

४

मराठी शब्दसंग्रहात 'बंदूक', 'काडतूस', 'पिस्तूल' हे शब्द परभाषांतून, 'काडतूस' आणि 'पिस्तूल' तर पोर्तुगीजांकडून आले. पण नळीवरची 'माशी', 'घोडा', 'चाप', 'दस्ता', 'ठासणी', 'बार' यांनी हे हत्यार घरचे करून घेतले. एवढी समृद्ध परिभाषा असूनही स्वतःच्या रायफलीचा हिशेब देणारा कॉर्बेट यांच्या तोडीचा शिकारी-निवेदक मराठीत उभा राहिला नाही. त्याचे श्रेय मराठी माणसाच्या अहिंसक वृत्तीला देण्याची प्रथा आहे. ती कायद्याचा इतिहास विसरणारी आहे. रायफल संस्थानिकांकडे, साहेबांकडे आणि थोड्या परवानाधारकांकडे होती. खेड्यातील माणसाला मिळालाच तर पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना. शिकारीवर पोट असणारे फासेपारधी फासे लावीत आणि गुन्हेगार जमाती कायद्याच्या कक्षेत आल्यावर तर त्यांचे असणेच नोंदवहीत गेले. ज्यांना रान ठाऊक होते त्यांच्या हाती ना रायफल होती, ना लेखणी.

मराठीत अरण्यावरचे सकस लेखन बहरले ते प्रामुख्याने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला त्या सुमारास आणि त्यानंतर. व्यंकटेश माडगूळकर यांचे 'नागझिरा' आणि १९८३ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली 'सत्तांतर', किंवा वनाधिकारी असलेल्या मारुती चितमपल्ली यांचे लेखन घेतले तर त्यांतील निवेदक पाहणारा, ऐकणारा, टिपणे काढणारा आहे. चँपियन आणि उतारवयातील कॉर्बेट ज्या ठिकाणी येऊन पोहोचले तेथून मराठी अरण्यलेखनाने वाटचाल केली. याचा लाभ मोठा आहे. हानी एवढीच की गोळीचा हिशेब मागण्याची सवय मराठी वाचकाला लागली नाही.

ती किती आवश्यक आहे हे २०१८ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात दिसले. राळेगाव-पांढरकवडा परिसरात तेरा माणसांच्या मृत्यूंना जबाबदार धरलेली टी-१ ही वाघीण, जी 'अवनी' या नावाने ओळखली गेली, २ नोव्हेंबरच्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. तिला आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न खरोखर झाला होता काय, बेशुद्धीची सुई तिच्या अंगात केव्हा गेली, गोळी लागली त्या क्षणी तिचे तोंड बंदूकधाऱ्याकडे होते की दुसरीकडे, असे प्रश्न शवविच्छेदनानंतर उभे राहिले आणि चौकशी झाली. शहरांत मेणबत्त्या घेऊन निघालेल्या मिरवणुका आणि त्याच वेळी त्या पट्ट्यातील कापूस वेचणाऱ्या मजुरांनी सोडलेला सुटकेचा श्वास, या दोन्ही प्रतिक्रिया वृत्तपत्रांतून आल्या. प्रत्येक बाजूने आपापली कथा सांगितली. त्या कथांत वाघीण कधी आई होती, कधी राक्षसीण. बंदूकधारी कधी त्राता, कधी मारेकरी. कॉर्बेट यांनी नखांनी उकरून काढलेल्या गोळीसारखी निमूट नोंद, म्हणजे अंतर इतके, कोन असा, काडतुसे इतकी, चूक ही, त्या गदारोळात सांगावयास हवी होती ती घटनास्थळी असलेल्यांनी. ती शेवटी शोधावी लागली शवविच्छेदनाच्या टेबलावर, वाघिणीच्या खांद्यातून गेलेल्या गोळीच्या वाटेवरून.